हंबनटोटाचा भारतावरील परिणाम कसा जोखावा
शेजारच्या देशातील चिनी बंदराचा भारताला धोका किती, हे ठरवताना प्रथम करार पाहावा, कारण मालकी, भाडेपट्टा आणि कर्ज या तीन निराळ्या गोष्टी आहेत. श्रीलंकेने २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे सोपवले; मिळालेले सुमारे १.१२ अब्ज डॉलर परकीय गंगाजळीत गेले, बंदर बांधण्यासाठी चीनकडून घेतलेले मूळ कर्ज मात्र तसेच राहिले, त्यामुळे ‘कर्जापोटी बंदर गेले’ हे विधान सरधोपटच म्हणावे लागेल. मग धक्क्याला कोणती जहाजे लागतात ते तपासावे: ऑगस्ट २०२२ मध्ये भारताच्या आक्षेपानंतरही उपग्रह व क्षेपणास्त्रांचा माग काढणारे चिनी जहाज ‘युआन वांग ५’ तेथे आलेच. व्यापाराचा हिशेब वेगळा मांडावा. कोलंबो या श्रीलंकेच्या मुख्य बंदरात जहाज बदलणारा बराचसा माल भारताचाच असतो.