पणजीतले कार्यक्रम चुकू नयेत म्हणून वर्षाचा तक्ता कसा तयार करावा

पणजी चालत पालथी घालता येईल एवढेच शहर आहे, आणि तरीही या शहरात राहणाऱ्या माणसाच्या तोंडी सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य म्हणजे 'अरे, काल होते होय?' हे. कार्यक्रम कमी असतात म्हणून ते चुकत नाहीत, तर ते वेगवेगळ्या पंचांगांवर चालतात म्हणून चुकतात. २०२५ साली गोकुळाष्टमी १५ ऑगस्टला होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती ४ सप्टेंबरला आली. कार्निव्हलचा शनिवार मात्र त्याच दोन वर्षांत १ मार्चवरून १४ फेब्रुवारीला, म्हणजे उलट मागे सरकला. मागच्या वर्षाच्या आठवणीवर विसंबून 'अष्टमीची फेरी (बाजार) ऑगस्टात, कार्निव्हल मार्चात' असे मनाशी धरणाऱ्याला २०२६ मध्ये दोन्हीकडे हात चोळत बसावे लागले असते.

यावर एकच उपाय मला लागू पडला आहे, तो म्हणजे वर्षाच्या आरंभी आपल्या हाताने एक तक्ता करणे. त्यासाठी तिथी आणि ख्रिस्ती सण दोन्ही छापलेली भिंतीवरची दिनदर्शिका, एक वही आणि तीन रंगांची पेने पुरतात. मोबाइलमध्येही हे करता येते. पण घरातल्या सर्वांना येताजाता दिसेल असा कागद स्वयंपाकघराच्या दारावर असला की आठवण करण्याचे काम एकट्यावर पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

पहिल्या रंगाने इंग्रजी तारखेला बांधलेले दिवस लिहावेत, कारण ते सर्वांत सोपे असतात. ६ जानेवारीला मांडवीपलीकडच्या रेइश मागुशचे फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक उत्सव, २४ जूनला सांज्यांव, म्हणजे सेंट जॉनचा सण, ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त आणि ८ डिसेंबरला पणजीच्या स्वतःच्या चर्चचे, म्हणजे इमॅक्युलेट कन्सेप्शनचे फेस्त. याच रंगात महिन्याच्या ठरावीक वाराला होणाऱ्या गोष्टीही घालाव्यात. दिवाडी बेटावरचा बोंदेरा हा झेंड्यांचा उत्सव ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी असतो, त्यामुळे तारीख दरवर्षी बदलली तरी मोजायला कठीण नाही.

दुसरा रंग ईस्टरला बांधलेल्या दिवसांचा. दिनदर्शिकेत ईस्टरचा रविवार शोधून ५० दिवस मागे मोजले की पणजीच्या कार्निव्हल मिरवणुकीचा शनिवार मिळतो. कार्निव्हलचा राजा किंग मोमो याची राजवट तिथून मंगळवारपर्यंत चालते आणि बुधवारी उपासकाळ सुरू होतो. २०२६ च्या ५ एप्रिलच्या ईस्टरवरून १४ फेब्रुवारी कसा निघतो हे एकदा बोटांवर मोजून पाहिले की पुढे हा हिशेब कोणाला विचारावा लागत नाही.

तिसरा रंग तिथींचा, आणि आपल्यासारख्या मराठी वाचकाला वाटते तसा तो सोपा नसतो. सण आपल्या अंगवळणी पडलेले असतात, पण सणाला लागून येणारे बाजार आणि मिरवणुका कोणत्या दिवशी हे अंगवळणी पडलेले नसते. उदाहरणार्थ, शिगमोत्सवाच्या मोठ्या मिरवणुका होळीनंतर एकेका शहरात वेगवेगळ्या दिवशी निघतात. पणजीचा दिवस कोणता हे सरकारी घोषणेनंतरच पक्के होते, म्हणून तिथे पेन्सिलने केवळ आठवडा लिहून ठेवावा. नरकासुराचे पुतळे मात्र निःसंशय नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री पाहायचे असतात, दिवाळीच्या दिवशी नव्हे. पहाटेपर्यंत ते जाळून मोकळे झालेले असतात आणि उशिरा येणाऱ्याला रस्त्यावर वेताच्या काड्या आणि अर्धवट जळालेला कागद तेवढा दिसतो. पणजीबाहेर जायची तयारी असेल तर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलचा चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा काला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारा वास्कोचा भजनी सप्ताह आणि त्रिपुरारी पौर्णिमेला सांखळीजवळच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर होणारा नौकांचा उत्सव, हे तिन्ही याच रंगात येतात.

उरतात त्या संस्था, ज्यांना ना तिथी बांधते ना फेस्त. इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात नोव्हेंबरच्या उत्तरार्धात होतो आणि त्यासाठी प्रतिनिधी म्हणून आधी नोंदणी करावी लागते. तो सुरू झाल्यावर नोंदणीचा विचार करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा बाहेरची रोषणाईच येते. सेरेंडिपिटी कला महोत्सव २०१६ पासून डिसेंबरात भरतो. त्यातली प्रदर्शने निवांत पाहता येतात, परंतु कार्यशाळा आणि लहान सभागृहांतले प्रयोग लगेच भरतात, म्हणून तक्त्यावर महोत्सवाची तारीख न लिहिता 'नोंदणी उघडली का ते पाहणे' असे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लिहावे. कांपालची कला अकादमी ही चार्ल्स कोरिया यांनी घडवलेली वास्तू; तिच्यातल्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात हिवाळ्याच्या तोंडावर सूरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह होत आला आहे. केसरबाई मूळच्या फोंडा महालातल्या केरीच्या, त्यामुळे या समारोहाला गर्दी करणाऱ्यांत केवळ दर्दी नव्हे तर 'आमची केसरबाई' म्हणणारेही पुष्कळ असतात, आणि जागा मिळवायची तर वेळेच्या बऱ्याच आधी पोहोचावे लागते.

मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकांसाठी मी एक वेगळी युक्ती वापरतो. ही मंडळी एका प्रयोगासाठी गोव्यात सहसा उतरत नाहीत. पणजी, मडगावचे रवींद्र भवन आणि फोंड्याचे राजीव गांधी कलामंदिर असा दोन-तीन प्रयोगांचा दौरा आखलेला असतो. म्हणून पणजीचा प्रयोग चुकला किंवा तिकिटे संपली तर हळहळत न बसता त्याच दिवशी फोंड्याची आणि मडगावची चौकशी करावी. फोंड्याचा प्रेक्षक नाटकाला अधिक जाणता आहे, हे पणजीकर असूनही मला मान्य करावे लागते. तिथे प्रयोग रंगतोही जास्त.

तक्ता तयार झाला तरी तो केवळ सांगाडा असतो, आणि त्यात मांस भरण्याचे काम दर पंधरवड्याला करावे लागते. वर्तमानपत्रातली 'आजचे कार्यक्रम' छापाची निवेदने त्यासाठी फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण ती बहुधा त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी छापून येतात. त्यांचा उपयोग खात्री करण्यासाठी करावा, बेत करण्यासाठी नव्हे. बेत करण्याजोगी बातमी दुकानांत मिळते. पुस्तकांच्या दुकानातल्या गल्ल्याशेजारी, वाद्ये दुरुस्त करणाऱ्याच्या दारावर, बेकरीच्या काचेवर जी हँडबिले डकवलेली असतात ती वाचावीतच. पण त्याहून पुढची माहिती छापखानेवाला, मंडपवाला आणि ध्वनिक्षेपकवाला यांच्याकडे असते, कारण कार्यक्रम जाहीर होण्याआधी यांच्याकडे तारीख धरून ठेवलेली असते. पणजी मार्केटात अबोलीचे वळेसर विकणाऱ्या बायकांना कोणत्या देवळात कधी उत्सव आहे हे पंचांगाशिवाय सांगता येते. एकदा मी फुलवालीला सहज विचारले, 'मावशी, आज एवढी फुले कशाला?' तेव्हा तिने तीन गावांच्या जत्रांची नावे, वार आणि पालखी कधी निघते ते एका दमात सांगितले आणि वर 'तुम्ही भाटकार (जमीनदार) लोक, तुम्हाला कसे ठाऊक नाही?' असा टोलाही हाणला. मी भाटकार नाही; पण माहिती अचूक निघाली.

दुकानांत चौकशी करायची तर ती उघडी असतानाच जायला हवे, हे बाहेरून नव्याने आलेल्यांना सांगावे लागते. दुपारी एकच्या सुमारास पणजीतली बरीचशी जुनी दुकाने बंद होतात आणि साडेतीन-चारच्या पुढे उघडतात. रविवारी तर '१८ जून' नावाचा बाजाराचा रस्ताही पेंगुळलेला असतो. सकाळी दहा ते साडेबारा ही वेळ चौकशीला उत्तम. संध्याकाळी मालक भेटतो, पण त्याला बोलायला फुरसत नसते.

'फेरी' या शब्दाविषयीही इथेच सांगितलेले बरे. गोव्यात फेरी म्हणजे फेस्ताला किंवा उत्सवाला भरणारा बाजार. पोर्तुगीज भाषेतला बाजाराचा शब्द आपण असा घरचा करून घेतला आहे. अष्टमीची फेरी मांडवीच्या काठी भरते आणि पणजी-बेती फेरीबोटही त्याच काठावरून सुटते, त्यामुळे 'फेरीकडे भेटू' असे सांगून दोन माणसे दोन ठिकाणी ताटकळत उभी राहिल्याचे प्रकार घडतात. भेटीची जागा ठरवताना एखाद्या इमारतीचे नाव घ्यावे.

अष्टमीच्या फेरीला गोकुळाष्टमीच्या दिवशी न जाता एक-दोन दिवसांनी जावे. पहिल्या दिवशी गर्दीही असते आणि भावही चढे असतात. इथे चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तयारीचे सामान, पाट, चौरंग, पोळपाट, आदोळी (विळी), रोवळ्या, तांब्या-पितळेची भांडी आणि लाकडी कपाटांपर्यंत सर्व काही मिळते. आदोळी घेताना नुसते पाते पाहू नये. ती जमिनीवर ठेवून, पाटावर एक पाय टाकून बसून पाहावे. पाटाचा एखादा कोपरा डुगडुगत असेल तर नारळ खवताना पाते हलते आणि बोटाला लागते. त्यानंतर पात्याचे दाते अंगठ्याने बाहेरच्या बाजूने चाचपावेत, ते सर्व एका उंचीचे असावेत आणि पाते लाकडात बसवलेल्या जागी फट नसावी. विक्रेता 'बसा, बसून पाहा' असे स्वतःहून म्हणाला तर माल बहुधा चांगला असतो. घासाघीस चालते, मात्र मोठ्याने चालत नाही.

चवथीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत मार्केटात माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचा, बाजार भरतो. हा बाजार पाहण्यासाठी खरेदी करायचीच असे नाही. रानातून आणलेली कांगले, घागऱ्या, तोरिंगणे, आंबाडे, सुपारीची शिपटी असा रानमेवा एकत्र पाहायला वर्षातून ही एकच संधी असते. सकाळी सातला जावे. दहानंतर जे उरते ते सुकलेले असते आणि विकणाऱ्या बायका थकलेल्या असतात, मग फळाचे नाव विचारले तरी उत्तर मिळत नाही. ८ डिसेंबरच्या चर्चच्या फेरीत खाजे, चणे आणि घरगुती सामान मिळते; तिला संध्याकाळी गेलेले बरे.

देवळातल्या उत्सवी नाटकांना जायचे असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी, जी मी चांगलीच किंमत मोजून शिकलो. काही वर्षांपूर्वी अंत्रुज (फोंडा) महालातल्या एका देवळात नाटक असल्याचे हँडबिल हाती आले, त्यावर 'रात्रौ ठीक ९ वाजता' असे ठळक छापले होते. मी पावणेनऊला हजर झालो. मंडपात चार मुले खुर्च्यांवर उड्या मारत होती आणि रंगमंचावर एक गृहस्थ पडद्याची दोरी गुंडाळत बसले होते. साडेअकराला पालखी परतली, आरती झाली, प्रसाद वाटला गेला आणि मग नांदी सुरू झाली. परतीची बस तर कधीच गेली होती. हँडबिलावरची वेळ खोटी नव्हती, ती आपापल्या गावात राहणाऱ्यांसाठी होती. तेव्हापासून मी नाटकाची वेळ विचारतच नाही, 'पालखी किती वाजता परतते?' एवढेच विचारतो आणि त्यात अर्धा तास मिळवतो.

तियात्राचे, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या कोकणी नाटकाचे, उलट असते. ते वेळेवर सुरू होते, दुपारी किंवा संध्याकाळी असते आणि तिकीट दारावरही मिळते. कोकणी कळते पण तियात्र कधी पाहिले नाही, असे मराठी घरांतले पुष्कळ लोक मला भेटतात. प्रवेशांच्या मध्ये येणारी कांतारां ही कथेबाहेरची, ताज्या राजकारणावर टीका करणारी गाणी असतात, हे आधी ठाऊक असले की 'मधेच हे काय' असे वाटत नाही.

चित्रप्रदर्शनांसाठी आल्तिनोवरचे सुनापरांत, कला अकादमीचे दालन, पाट्टोवरचे संस्कृती भवन आणि फोंताइन्याशमधली लहान दालने एका शनिवारी होण्यासारखी आहेत. जाता जाता इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातल्या निळ्या टाइल्सची भित्तिचित्रे पाहावीत. संस्कृती भवनातच राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, ज्याचा आरंभ १८३२ चा. तिथल्या सूचनाफलकासमोर पाच मिनिटे थांबल्यास व्याख्याने आणि पुस्तक प्रकाशने यांची महिन्याभराची सोय होते.

परतीचा प्रवास तक्त्यातच लिहावा. साडेआठ-नऊनंतर पणजीहून म्हापसा, फोंडा आणि मडगावकडच्या बसगाड्या विरळ होतात, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे 'बस', 'दुचाकी' किंवा 'कोणाबरोबर' यांपैकी एक शब्द असावा. दिवाडीला जायचे तर रायबंदरची फेरीबोट धरावी आणि बोंदेराच्या दिवशी दुचाकी अलीकडेच ठेवावी. पावसाळ्यात उघड्यावरच्या कार्यक्रमापुढे पर्यायी जागेचे नाव लिहावे. आयोजकांनी ती ठरवलेली नसेल तर घरीच थांबावे.

नोंद कशी दिसावी याचा एक नमुना देतो: 'अष्टमी फेरी, मांडवीकाठ, ६ सप्टेंबर, सकाळी १०, आदोळी आणि दोन पाट, दुचाकी नको, शेजारच्या काकू येणार.' वर्ष संपल्यावर हा कागद फेकून न देता नव्या दिनदर्शिकेच्या मागे टाचणीने लावून ठेवावा, आणि जे कार्यक्रम चुकले त्यांच्यापुढे का चुकले ते दोन शब्दांत लिहावे. माझ्या मागच्या कागदावर अशा सात नोंदी आहेत; त्यांपैकी चारांपुढे 'वेळ विचारली, पालखी नाही' असेच लिहिलेले आहे.