कर्जाची नोटीस आली, तर दिवस कसे मोजायचे?

हप्ते थकले की घरात दोन गोष्टी येऊ लागतात, फोन आणि पाकिटं. बहुतेक माणसं फोनला घाबरतात आणि पाकीट न फोडता कपाटावर ठेवून देतात. खरं तर फोनवरच्या धमकीला कायद्यात मुदत नसते. पाकिटातल्या कागदाला असते, आणि ती तुम्ही पाकीट फोडेपर्यंत थांबत नाही.

आधी पाकिटावर तारीख टाका

पाकीट हातात आलं की ते कधी आलं आणि घरात कोणी घेतलं, हे पेनाने पाकिटावरच लिहा. आतला कागद ठेवून पाकीट फेकून देऊ नका, कारण पोस्टाचा शिक्का त्यावर असतो. 'घेतलंच नाही तर नोटीस लागू होत नाही' ही समजूत अजून गावोगाव आहे. पोस्टमनने 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत पाठवलं, तर नोटीस मिळाली असंच न्यायालय साधारणपणे धरतं. म्हणजे मुदत सुरू झाली आणि मजकूर काय होता हेही कळलं नाही.

मोजताना पहिला दिवस सोडायचा. ५ तारखेला मिळालेल्या कागदाचे १५ दिवस २० तारखेला भरतात. दावा किंवा अर्ज दाखल करण्याचा शेवटचा दिवस न्यायालयाच्या सुट्टीत, अगदी मे महिन्याच्या सुट्टीत आला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येतो. पण वकील मिळायला, कागद गोळा करायला वेळ जातो. सुट्टीच्या भरवशावर राहू नये.

मग कागद कोणाचा ते ओळखा

वकिलाच्या नोटिशीत 'सात दिवसांत रक्कम भरा' असं लिहिलेलं असतं. ते सात दिवस सहसा त्या वकिलाने ठरवलेले असतात, कायद्याने नव्हे. तरीही उत्तर द्यावं, थोडक्यात आणि लेखी. आकडा मान्य नसेल तर 'खातेउतारा द्या' एवढं विचारलं तरी चालतं.

राष्ट्रीय लोक अदालतीची नोटीस आली की लोकांचे हातपाय गार पडतात, कारण वर न्यायालयाचं नाव असतं. दावा दाखल होण्याआधीची, म्हणजे दाखलपूर्व प्रकरणाची नोटीस असेल, तर ते तडजोडीचं बोलावणं असतं. गेला नाहीत म्हणून तुमच्याविरुद्ध हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा वसुलीचा निकाल, होत नाही. मी म्हणेन, जरूर जा, तिथे व्याजात सूट मिळवता येते. मात्र सही विचार करून करा, कारण लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

दिवाणी न्यायालयाचं समन्स ही वेगळी गोष्ट. नेहमीच्या दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते. न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. पण समन्सवर 'ऑर्डर ३७' किंवा 'समरी' असा उल्लेख दिसला तर त्याच दिवशी वकील गाठा. त्यात नुसती हजेरी नोंदवायलाच १० दिवस असतात. पुढे निकालासाठीचं समन्स येतं आणि बचावाची परवानगी मागायला आणखी १० दिवस मिळतात. हजेरी चुकली की पैसे मागणाऱ्याला सरळ हुकूमनामा मिळू शकतो.

चेक परतला असेल तर

कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी वाद आहे. चेक न वटणं मात्र परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्याच्या, कलम १३८ खाली गुन्हा ठरू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैशांअभावी अडकला तरी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ तशीच शिक्षा सांगतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

इथे तारखांची साखळी आहे. समजा, चेक परतल्याचा बँकेचा मेमो ३ मार्चला मिळाला. पैसे मागणाऱ्याने ३० दिवसांत, म्हणजे २ एप्रिलपर्यंत नोटीस द्यायला हवी. तुम्हाला ती ५ एप्रिलला मिळाली, तर २० एप्रिलपर्यंत पैसे भरायची मुभा आहे. तेवढ्यात चेकची रक्कम भरलीत तर गुन्हाच पुरा होत नाही. भरली नाहीत, तर त्यानंतर एका महिन्याच्या आत त्याने फौजदारी तक्रार दाखल करायची. तक्रारीला झालेला उशीर न्यायालय सबळ कारण असेल तर माफ करू शकतं. उलट, तुमचे १५ दिवस संपायच्या आतच त्याने तक्रार ठोकली तर ती टिकत नाही. म्हणून या नोटिशीचं पाकीट जपून ठेवायचं.

घर गहाण असेल तर

सलग ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं आणि बँक २००२ च्या सरफेसी कायद्याकडे वळते. या कायद्याने बँकेला दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकता येतं. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. ते प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेचं होतं. शेतजमिनीवरच्या तारणाला आणि एक लाखापर्यंतच्या कर्जाला हा कायदा लागू होत नाही.

पहिली नोटीस कलम १३(२) ची, ६० दिवसांची. या काळात लेखी हरकत घ्या. व्याज जास्त लावलंय, भरलेले हप्ते जमा दाखवलेले नाहीत, जे असेल ते. बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. ही नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ती मालमत्ता विकता किंवा कोणाला भाड्याने देता येत नाही.

त्यानंतर ताबा. आधी दारावर नोटीस चिकटते आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. याला प्रतीकात्मक ताबा म्हणतात, घर अजून तुमच्याकडेच असतं. पण दाद मागायचे ४५ दिवस इथूनच मोजायला लागा. दाद दिवाणी न्यायालयात मागता येत नाही, त्यासाठी कर्ज वसुली न्यायाधिकरण, म्हणजे डीआरटी. महाराष्ट्रात ती मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. 'प्रत्यक्ष कुलूप लावायला येतील तेव्हा बघू' म्हणणाऱ्यांचे ४५ दिवस तोवर कधीच उलटलेले असतात.

आणखी एक तारीख याहून महत्त्वाची. सगळे पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाच्या दिवसापर्यंत असतो असं लोक धरून चालतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. भावाकडून, सासरहून पैसे उभे करायचे असतील तर जाहिरात येण्याआधी.

पतसंस्थेचं कर्ज आणि जामीनदार

पतसंस्थेला दिवाणी दाव्याची गरज पडत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली ती निबंधकांकडून वसुली दाखला मिळवते आणि वसुली अधिकारी जप्तीला येतो. दाखल्यावर दोन महिन्यांत पुनरीक्षण अर्ज, म्हणजे तो फेरतपासण्याची मागणी, करता येतो, पण आधी वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. एवढे पैसे असते तर ही वेळ आलीच नसती. त्यामुळे खरी लढाई दाखला निघण्याआधीच्या सुनावणीत करायची. त्या तारखेला जा आणि हरकत लेखी द्या.

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' हे कायदा ऐकत नाही. मित्राच्या कर्जाला सही केली असेल तर त्याच्या नोटिशी आपल्याच समजायच्या.

कर्ज कधी मुदतबाह्य होतं?

पैशांच्या साध्या दाव्याला १९६३ च्या मुदत कायद्याने ३ वर्षं दिली आहेत. गहाणावरच्या रकमेला १२ वर्षं, आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीलाही १२. हातउसने दिले आणि परतीची तारीख ठरली नाही, तर ३ वर्षं पैसे दिल्या दिवसापासून धावतात, मागितल्या दिवसापासून नाही. पैसे देणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. दाव्याला उशीर झाला तर माफीचा अर्जही चालत नाही. ती सवलत अपिलांना आणि अर्जांना आहे.

ही मुदत नव्याने सुरू होऊ शकते. ३ वर्षं संपण्याआधी तुम्ही सही करून कर्ज कबूल केलंत, किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद सहीनिशी झाली, की तिथून पुन्हा ३ वर्षं. मुदत संपल्यावरही 'मी फेडेन' असं सहीनिशी लिहून दिलंत तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ते बंधनकारक ठरतं. म्हणून जुन्या कर्जासाठी कोणी 'नुसती एक सही करा' म्हणत आला, तर तो कागद वकिलाला दाखवल्याशिवाय पेन उचलू नका.

खासगी सावकाराकडे परवाना नसेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. विनापरवाना सावकारीला २०१४ च्या कायद्याने पाच वर्षांपर्यंत कैद आहे. सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

हुकूमनामा झाला तर काय काय जातं?

सगळं जात नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, धर्माच्या रिवाजाने अंगावेगळे करता न येणारे स्त्रीचे दागिने, भविष्य निर्वाह निधी आणि सरकारी पेन्शन यांना दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० संरक्षण देतं. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. ३१,००० पगार असेल तर जास्तीत जास्त १०,००० जप्त होतात, आणि एकाच हुकूमनाम्यापायी तेही एकूण २४ महिनेच. पैशांच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुषालाही नुसत्या गरिबीसाठी तुरुंगात टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलं आहे.

दिवाळखोरीचा अर्ज करावा का?

२०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता गाजली, पण तिचा व्यक्तींसाठीचा भाग फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला, तोही १ डिसेंबर २०१९ पासून. बाकीच्यांसाठी अजून ब्रिटिशांचे कायदे आहेत. मुंबईत १९०९ चा, अर्ज उच्च न्यायालयात. उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा, अर्ज जिल्हा न्यायालयात. कर्जाची किमान रक्कम अजूनही ५०० रुपये!

अर्ज मंजूर झाला की तुमची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते. गहाण घरावरचा बँकेचा हक्क तसाच राहतो. आदल्या दोन वर्षांत बायकोच्या किंवा भावाच्या नावावर फुकट केलेलं घर व्यवहार रद्द करून परत खेचता येतं. सरकारी देणी आणि फसवणुकीतून झालेलं कर्ज सुटत नाही. १९२० च्या कायद्याखाली कर्जातून मुक्ततेसाठी न्यायालयाने दिलेल्या मुदतीत स्वतः अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर दिवाळखोरीचा आदेशच रद्द होतो. पगारदार माणसाला, चार क्रेडिट कार्डं आणि एक वैयक्तिक कर्ज एवढाच डोंगर असेल तर, हा रस्ता मी सुचवणार नाही. बँकेशी एकरकमी तडजोड बहुधा बरी पडते.

तडजोड करताना

शब्दावर पैसे भरू नका. बँकेच्या लेटरहेडवरचं पत्र आधी घ्या. त्यात खाते क्रमांक, पूर्ण रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि 'यानंतर बाकी राहणार नाही' हे वाक्य असावं. वसुली एजंटच्या वैयक्तिक खात्यावर रुपयाही टाकू नका. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर एजंटने वसुलीचे फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही विनाशुल्क. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

तडजोडीने मिटवलेलं खातं सिबिलमध्ये 'सेटल्ड' दिसतं आणि पुढच्या कर्जाला आडवं येतं, हे धरूनच आकड्याची घासाघीस करा. पैसे भरून झाले की ना-देय दाखला मागा. मूळ दस्त बँकेने ३० दिवसांत परत करायचे आणि मालमत्तेवरचा बोजा उतरवायचा असतो. १ डिसेंबर २०२३ पासून, उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. तो महिना मोजायला शेवटच्या पावतीवरची तारीख लागेल.