टायटॅनिकच्या बांधणीवरची मालिका इतिहासाशी कशी ताडून पाहावी

टायटॅनिक बुडताना पडद्यावर असंख्य वेळा दाखवली गेली आहे. ती बांधली जात असताना मात्र फारशी दिसत नाही. जहाज बुडाल्याच्या शताब्दी वर्षात, २०१२ मध्ये, आलेल्या ‘टायटॅनिक: ब्लड अँड स्टील’ या १२ भागांच्या मालिकेने बेलफास्टच्या गोदीतच आपली कथा घडवली आणि मार्क म्यूर नावाचा एक काल्पनिक धातुतज्ज्ञ नायक म्हणून उभा केला. अशी मालिका पाहून उठताना ‘यातले खरे किती?’ हा प्रश्न पडतोच. त्याचे उत्तर शोधण्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही, कारण मूळ कागदपत्रांपैकी बरीचशी आज घरबसल्या वाचता येतात. मात्र ती कोणत्या क्रमाने पाहायची हे ठरवून घ्यावे लागते. एरवी प्रेक्षक टोप्या आणि बटणे तपासत बसतो आणि खरी गफलत नजरेतून निसटते.

आधी विधाने टिपून घ्यावीत

पहिल्यांदा मालिका मालिकेसारखीच पाहावी. दुसऱ्यांदा पाहताना वही जवळ घ्यावी आणि पडद्यावर जे जे ‘घडले’ म्हणून दाखवले आहे ते भागाच्या क्रमांकासह आणि वेळेसह एकेका वाक्यात लिहावे. ‘गोदीत वातावरण तंग होते’ असे मोघम लिहू नये. ‘जलावतरणाच्या समारंभात जहाजावर शॅम्पेनची बाटली फोडली’ असे लिहावे, म्हणजे ते खरे की खोटे हे ठरवता येते. ही विधाने पुढे आपोआपच वेगळी होत जातात: काही तारखांची, काही वस्तूंची, काही व्यक्तींची, तर काही हेतूंची. शेवटच्या प्रकारची विधाने थोडी असतात, पण सगळ्यात जास्त त्रास तीच देतात.

तारखांचा कणा उभा करावा

हारलँड अँड वुल्फ या कंपनीच्या बेलफास्टमधील क्वीन्स आयलंड गोदीत टायटॅनिकच्या भगिनी जहाजाचा, ऑलिंपिकचा, तळकणा १६ डिसेंबर १९०८ रोजी घातला गेला आणि तिच्या शेजारच्या उतारावर टायटॅनिकचा ३१ मार्च १९०९ रोजी. ऑलिंपिक २० ऑक्टोबर १९१० रोजी पाण्यात उतरली, टायटॅनिक ३१ मे १९११ रोजी. टायटॅनिकची सागरी चाचणी २ एप्रिल १९१२ रोजी झाली आणि १० एप्रिलला तिने साउदॅम्प्टन सोडले. एवढ्या तारखा वहीच्या डाव्या बाजूला लिहून उजवीकडे मालिकेतील प्रसंग मांडले की पहिली गोष्ट लगेच लक्षात येते: दीड वर्षाहून अधिक काळ ही दोन जहाजे एकाच अजस्र गॅन्ट्रीखाली (पोलादी चौकटीखाली) शेजारी शेजारी उभी होती आणि त्या काळात लोकांच्या कौतुकाचा विषय होती ती थोरली बहीण ऑलिंपिक. पडद्यावर गोदीत एकटी टायटॅनिकच उभी दिसत असेल आणि साऱ्या शहराच्या तोंडी तिचेच नाव असेल, तर ते पुढच्या कीर्तीचे प्रतिबिंब समजावे.

मधल्या काळातील एक घटनाही या कण्यावर अवश्य नोंदवावी. २० सप्टेंबर १९११ रोजी ऑलिंपिकची ‘हॉक’ या युद्धनौकेशी टक्कर झाली, ती दुरुस्तीसाठी बेलफास्टला परतली, टायटॅनिकवरची माणसे तिकडे वळवावी लागली आणि २० मार्च १९१२ ही टायटॅनिकच्या पहिल्या सफरीची ठरलेली तारीख १० एप्रिलवर गेली. एखाद्या पटकथेत हा विलंब संपामुळे किंवा कुणाच्या कारस्थानामुळे झाल्याचे दाखवले असेल, तर तो बदल क्षुल्लक म्हणता येणार नाही.

जहाज कोणते, हे छायाचित्रांवरून ओळखावे

गोदीची अधिकृत छायाचित्रे रॉबर्ट वेल्च यांनी टिपली आणि त्यांतली अनेक आज पाहायला मिळतात. पण टायटॅनिकच्या नावाने फिरणारी पुष्कळ चित्रे प्रत्यक्षात ऑलिंपिकची असतात, आणि मालिकांचे कलादिग्दर्शकही त्यांवरच विसंबतात. ऑलिंपिक पाण्यात सोडताना छायाचित्रात उठून दिसावी म्हणून तिला फिकट राखाडी रंग दिला होता, टायटॅनिकचा सांगाडा मात्र गडद रंगात उतरला. तेव्हा जलावतरणाच्या दृश्यात राखाडी जहाज दिसले तर चूक कुठून आली हे सांगता येते. पूर्ण झालेल्या जहाजांत ‘ए’ डेकच्या फिरण्याच्या जागेचा पुढचा अर्धा भाग टायटॅनिकवर खिडक्यांनी बंद केलेला होता, ऑलिंपिकवर तो उघडा होता. आतल्या भव्य जिन्याची जी छायाचित्रे आपण नेहमी पाहतो तीही ऑलिंपिकचीच आहेत, त्यामुळे जिन्याच्या कोरीव कामावरून मालिकेला दोष देण्याआधी थोडे थांबावे.

जलावतरण हा अशा मालिकांचा हमखास उत्कर्षबिंदू असतो, म्हणून तो सावकाश तपासावा. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास टायटॅनिक उतारावरून घसरली आणि ६२ सेकंदांत पाण्यात गेली. उतार निसरडा करण्यासाठी सुमारे २२ टन चरबी, तेल आणि साबण वापरला होता. बाटली फोडली गेली नाही, कारण जहाजाची मालक असलेल्या व्हाइट स्टार कंपनीची तशी पद्धतच नव्हती. त्या वेळी जहाजावर धुराडी नव्हती, बॉयलर नव्हते, इंजिनेही नव्हती. ती सगळी पुढच्या दहा महिन्यांत बसवली गेली. चार धुराड्यांचे सजलेले जहाज पाण्यात उतरताना दाखवणे ही या प्रकारातील सर्वांत ढोबळ चूक. अमेरिकन भांडवलदार जे. पी. मॉर्गन आणि व्हाइट स्टारचे प्रमुख ब्रूस इस्मे प्रेक्षकांत दिसले तर मात्र हरकत घेऊ नये, कारण ते दोघेही तिथे हजर होते.

काम करणारे हात पाहावेत

माझ्या मते मालिकेचा कस येथे लागतो. टायटॅनिकला सुमारे ३० लाख रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे खिळे, लागले आणि हाताने ठोकायचा प्रत्येक रिव्हेट ही एका टोळीची कामगिरी होती. एक पोरगा भट्टीत रिव्हेट लालभडक करी आणि चिमट्याने उचलून फेकी. दुसरा तो झेलून पत्र्यांच्या जुळवलेल्या भोकात घाली. आतल्या बाजूने एक गडी जड हातोडा त्याच्या डोक्यावर दाबून धरी आणि बाहेरून दोन ठोकणारे, एक उजवा तर दुसरा डावखुरा, आळीपाळीने घाव घालून त्याचे टोक चेपत. निवताना रिव्हेट आकसे आणि दोन्ही पत्रे एकमेकांना घट्ट आवळून धरी. जहाजाच्या मधल्या भागात मात्र पाण्याच्या दाबावर चालणारे यंत्र पोहोचत असे, त्यामुळे तिथे पोलादी रिव्हेट यंत्राने चेपले गेले.

हे एकदा नीट समजले की पडद्यावरच्या खुणा आपोआप दिसू लागतात. एकटाच मजूर घणाने रिव्हेट ठोकत असेल, तर दृश्य सोयीसाठी रचलेले आहे. वेल्डिंगच्या निळ्या ठिणग्या उडत असतील तर ते उघड उघड चूक आहे, कारण संपूर्ण वेल्डिंगने जोडलेले पहिले समुद्रगामी जहाज, फुलॅगर, १९२० मध्ये आले. डोक्यावर संरक्षक शिरस्त्राण असेल तर तेही चूक. तिथे होत्या त्या कापडी टोप्या. बांधणीदरम्यान आठ कामगार दगावले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यांतला सॅम्युअल स्कॉट हा रिव्हेट झेलणारा अवघ्या १५ वर्षांचा मुलगा एप्रिल १९१० मध्ये शिडीवरून पडून मेला. जलावतरणाच्या वेळी टेकू काढताना एक सुतार सापडला आणि पुढे दगावला. हे वाचल्यावर काल्पनिक स्फोट घडवून माणसे मारणाऱ्या पटकथेची गरज कुणाला वाटली असेल, असा प्रश्न पडतो.

माणसे आणि त्यांचा गाव

खऱ्या व्यक्तींची नाती आधी लावून घ्यावीत. लॉर्ड पिरी हे गोदीचे प्रमुख; जहाजाबरोबर बुडालेले आराखडाकार टॉमस अँड्र्यूज हे त्यांचे भाचे; आणि आराखड्यांचे मूळ सूत्रधार अलेक्झांडर कार्लाइल हे त्यांचे मेहुणे. कार्लाइल १९१० मध्ये निवृत्त झाले, म्हणून १९११ च्या प्रसंगात ते गोदीत हुकूम सोडताना दिसले तर खूण करावी. पुष्कळ मालिकांत कार्लाइल नसतातच आणि सगळे श्रेय व सगळी हळहळ अँड्र्यूज यांच्या वाट्याला येते. बुडालेला नायक जिवंत राहिलेल्या म्हाताऱ्यापेक्षा पटकथेला अधिक मानवतो.

सामान्य पात्रांसाठी आयर्लंडची १९११ ची जनगणना हे उत्तम साधन आहे. ती २ एप्रिल १९११ रोजी झाली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने तिचे अर्ज विनामूल्य खुले केले आहेत. एकेका घरात किती माणसे, त्यांचा धर्म, धंदा, लिहितावाचता येते की नाही, हे सारे त्यात आहे. पात्र काल्पनिक असले तरी त्याच्यासारखे कुटुंब त्या मोहल्ल्यात असू शकत होते का, हे गोदीजवळच्या एखाद्या गल्लीचे अर्ज चाळून पाहता येते.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला तणाव खरा होता, मात्र त्याचा कालक्रम जपावा. आयर्लंडला स्वराज्य देणारे तिसरे विधेयक ११ एप्रिल १९१२ रोजी, म्हणजे टायटॅनिक क्वीन्सटाउन बंदरात थांबली त्याच दिवशी, ब्रिटिश संसदेत मांडले गेले, आणि गोदीतून हजारो कॅथलिकांना व त्यांच्या बाजूच्या समाजवाद्यांना हाकलून लावले गेले ते जुलै १९१२ मध्ये, जहाज बुडाल्यानंतर. मालिका हा हिंसाचार बांधणीच्या वर्षांत ओढून आणते का, ते पाहावे. जहाजाचा क्रमांक ३९०९०४ होता आणि तो आरशात पाहिल्यास पोपविरोधी घोषणा उमटे, ही गोष्ट कुणी पात्र सांगत असेल तर ती दंतकथा म्हणून लिहून घ्यावी. गोदीचा क्रमांक ४०१ होता आणि नोंदणीचा १३१४२८.

मागाहूनचे शहाणपण कुठे शिरले ते शोधावे

राखाडी रंगाची किंवा चुकीच्या टोपीची चूक कथेला फारसा धक्का देत नाही. खरी मोडतोड होते ती १९०९ च्या माणसाच्या तोंडी नंतर कळलेल्या गोष्टी घातल्याने. प्रत्येक इशाऱ्यापाशी, प्रत्येक गूढ संवादापाशी थांबून विचारावे: हे ज्ञान कधीचे?

रिव्हेटचेच उदाहरण घ्या. जहाजाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाकडे, जिथे यंत्र पोहोचत नव्हते, तिथे घडीव लोखंडाचे रिव्हेट हाताने ठोकले गेले आणि त्यांतल्या काहींत कीट (लोखंडातला मळ) जास्त असल्याने ते थंडीत ठिसूळ झाले असावेत, हा विचार १९८५ मध्ये अवशेष सापडल्यावर आणि १९९० च्या दशकात तिथून वर काढलेल्या रिव्हेटची तपासणी झाल्यावर पुढे आला. त्यावर आजही वाद आहे. मग १९१० च्या सुमाराचा एखादा तज्ज्ञ ‘हे पोलाद घात करील’ असे बजावतो आणि भांडवलदार त्याला गप्प बसवतात, ही मांडणी एका नंतरच्या अनुमानाला त्या काळातला गुन्हा बनवते. विरुद्ध पारड्यात ऑलिंपिक आहे: त्याच गोदीत, त्याच पद्धतीने बांधलेली ही बहीण टक्कर सोसून, पहिल्या महायुद्धात एक जर्मन पाणबुडी धडकेने बुडवून, १९३५ पर्यंत चालत राहिली. तिचा उल्लेख टाळणाऱ्या मालिकेवर मी विश्वास ठेवत नाही.

लाइफबोटींबाबत नेमके उलटे घडते. तिथे समकालीन पुरावा भरपूर आहे आणि पटकथा तो वाया घालवतात. १८९४ च्या नियमांनुसार १०,००० टनांवरील जहाजाला १६ बोटी पुरेशा होत्या. टायटॅनिक ४६,००० टनांहून मोठी होती आणि तिच्यावर २० बोटी होत्या, म्हणजे नियमापेक्षा जास्तच. त्यांत ११७८ माणसे मावत. शेवटच्या रात्री जहाजावर सुमारे २२०० होती. १९१२ मध्ये दुर्घटनेच्या ब्रिटिश चौकशीत, लॉर्ड मर्सी यांच्यासमोर, २५ हजारांहून अधिक प्रश्न विचारले गेले आणि त्यांची उत्तरे क्रमांकानुसार वाचता येतात. त्यात कार्लाइल यांची साक्ष अवश्य वाचावी: अधिक बोटी टांगता येतील असा आराखडा त्यांनी तयार करवला होता, बैठकीत सजावटीवर तासन्‌तास गेले आणि बोटींचा विषय पाचदहा मिनिटांत आटोपला. इथे कुणी दुष्ट नाही, कुणी आरडाओरडा करीत नाही. जुना नियम, सवय आणि गालिच्यांची चर्चा. पटकथाकार या बैठकीच्या जागी मेजावर मुठी आपटणारा खलनायक बसवतो, तेव्हा त्याने काय गमावले ते वहीत तपशिलाने लिहावे.

निष्कर्ष लिहिताना

प्रत्येक विधानापुढे तीनच गोष्टी लिहाव्यात: नोंद काय सांगते, मालिकेने काय बदलले, आणि त्या बदलाने घटनेचा अर्थ फिरतो का. काळ आवळणे, दोन-तीन माणसांचे मिळून एक पात्र करणे, बेलफास्टऐवजी दुसऱ्या शहरात चित्रीकरण करणे, हे सोडून द्यावे. बारा भागांत तीन वर्षे बसवायची तर ते करावेच लागते. खऱ्या नावाच्या माणसावर न केलेले कृत्य लादले असेल, तर मात्र ती नोंद सर्वांत वर न्यावी, कारण त्याला उत्तर द्यायला तो उरलेला नाही. हीच वही दुसऱ्या जहाजालाही चालते: क्वीन मेरी या ब्रिटिश प्रवासी जहाजावरची मालिका पाहायची झाल्यास स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या गोदीतील तिचा क्रमांक ५३४, डिसेंबर १९३१ ते एप्रिल १९३४ हा मंदीमुळे काम ठप्प असलेला काळ आणि २६ सप्टेंबर १९३४ चे जलावतरण, एवढे लिहून सुरुवात करता येते, आणि पहिला प्रश्न असा असेल की त्या दोन वर्षांहून अधिक काळ बेकार बसलेले कामगार पडद्यावर दिसतात की नाही.