एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) घेताय? कोटेशन मागवण्याआधी या चुका टाळा

अनुदानाचे पैसे मार्चअखेरपर्यंत खर्च करायचे असतात. त्या घाईत खरेदी समिती पंपाचा कमाल दाब ६०० बार हवा की १३०० बार यावर तासभर खल करते आणि सॅम्पलमध्ये मोजायचंय काय, हे विचारायचं राहून जातं.

सगळ्यात महागात पडते ती डिटेक्टरची, म्हणजे वेगळे झालेले घटक टिपणाऱ्या भागाची, चूक. उसाच्या रसातल्या साखरा मोजायच्या आणि घेतला यूव्ही (अतिनील प्रकाश किती शोषला गेला ते मोजणारा), तर पीक, म्हणजे घटकाचा आलेखातला उंचवटा, दिसणारच नाही. सुक्रोज, ग्लुकोज नेहमीच्या तरंगलांबींना प्रकाश जवळजवळ शोषतच नाहीत. आरआय (अपवर्तनांक मोजणारा) चालेल, पण मग ग्रेडियंट, म्हणजे रन चालू असताना द्रावकांचं प्रमाण बदलत नेणं, विसरा. मोबाइल फेजचं, म्हणजे यंत्रातून वाहणाऱ्या द्रावकांचं, प्रमाण बदललं की त्याची बेसलाइन (आलेखाची पायारेषा) वाहत जाते, खोलीचं तापमान हललं तरी डगमगते. ग्रेडियंट हवाच असेल तर ईएलएसडी (द्रावक उडवून उरलेल्या कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजणारा) बघा. हळदीतलं कर्क्युमिन मात्र ४२५ नॅनोमीटरच्या आसपास ठळक दिसतं, त्याला साधा यूव्ही-व्हिजिबल पुरतो. वनस्पतींचे अर्क रोजचेच असतील तर पीडीएवर (एकाच वेळी अनेक तरंगलांबी मोजणाऱ्या डिटेक्टरवर) काटकसर करू नका. एका पीकखाली दोन घटक लपलेत का, याचा अंदाज त्यातूनच येतो.

दाबाचं म्हणाल, तर ५ मायक्रॉनचे कण भरलेल्या कॉलमवरच (घटक वेगळे करणाऱ्या नळीवरच) काम असेल तेव्हा ४०० बारही बहुतेक वेळा पुरतात. कणांचा आकार निम्मा केला की त्याच लांबीला आणि वेगाला दाब चौपट होतो, म्हणून २ मायक्रॉनखालचे कॉलम वापरणाऱ्यांनीच जास्त दाबाच्या यूएचपीएलसीचा खर्च करावा.

आणखी एक नेहमीची तक्रार: जुनी ग्रेडियंट मेथड नव्या मशीनवर टाकली आणि सगळे पीक उशिरा आले. लगेच नवा कॉलम मागवू नका. द्रावकं मिसळतात तिथून कॉलमच्या तोंडापर्यंतचं आकारमान, म्हणजे ड्वेल व्हॉल्यूम, वेगळं असणार. ते १ मिली जास्त असेल तर १ मिली प्रति मिनिट प्रवाहाला मिनिटभर उशीर ठरलेलाच. चार द्रावकं मिसळणाऱ्या क्वाटर्नरी पंपात ते सहसा जास्त असतं. मोजायचं तर कॉलम काढून तिथे युनियन (दोन नळ्या जोडणारा सांधा) लावा, ए बाटलीत पाणी, बी मध्ये ०.१ टक्का ॲसिटोन घातलेलं पाणी ठेवा आणि २६५ नॅनोमीटरला ० ते १०० टक्के ग्रेडियंट चालवा. रेषा निम्म्या उंचीवर येते त्या वेळेतून ग्रेडियंटचा अर्धा वेळ वजा करून प्रवाहाने गुणा.

पुढे मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंच्या वस्तुमानावरून घटक ओळखणारं यंत्र) जोडायचा विचार असेल तर मेथड आत्तापासूनच अमोनियम फॉर्मेटवर बसवा, फॉस्फेट बफर तिथे चालत नाही. सील, दिवा आणि एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) दर कोटेशनमध्येच लिहून घ्या. आणि डेमोला विक्रेत्याचं कॅफीन नको. आपलंच सगळ्यात घाण सॅम्पल, आपलाच कॉलम घेऊन जा.