सहीआधी कागद देवापुढे पसरा

कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंतच्या मराठी ख्रिस्ती घरांत मोठा निर्णय बहुतेक वेळा कागद होऊनच दारात येतो. संघाच्या कर्जाला जामीन, शेताचा विसार, पोरीच्या नर्सिंगची फी, गोव्यातल्या नोकरीचा होकार. वर समोरचा म्हणतो, "आजच सांगा, नाहीतर गेलं." ही घाई कानावर पडली की समजावं, भीती कामाला लागली. भीती वाटणं हा अविश्वास नव्हे. पारसाच्या राजाचा प्यालेबरदार नहेम्याही राजापुढे फार घाबरला होता, पण "काय हवं?" असं राजाने विचारल्यावर त्याने उभ्या उभ्या प्रार्थना केली आणि मगच मागणं मांडलं (नहेम्या 2:2-5).

पहिलं काम म्हणजे जेवा आणि झोपा. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता. देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने भाकर-पाणी दिलं, तो झोपला, पुन्हा उठवून खायला घातलं (1 राजे 19). "तू इथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावर आला. म्हणून रात्री नऊनंतर पैशाचा किंवा सोयरिकीचा निर्णय नको. आठवडाभर झोप उडाली असेल, तर निर्णयासाठी धरलेला उपासही पुढे ढकला. चालू गोळ्या मात्र "विश्वास ठेवतो" म्हणून बंद करू नका. दोन आठवडे छातीत धडधड आणि झोप नाही असं असेल तर डॉक्टरकडे जा.

मग वहीत एकच वाक्य लिहा, "मला भीती वाटते की..." नुसतं "टेन्शन आहे" लिहून भागत नाही. "हप्ता चुकेल" ही हिशेबाची भीती. "भावकी काय म्हणेल" ही माणसांची भीती. दोन्हींचं औषध वेगळं, आणि लोक गोंधळतात ते इथेच.

हिशेबाची भीती असेल तर आकडे मांडा. समजा महिन्याला 18,000 येतात, घरखर्च 14,500, नवा हप्ता 4,200. दर महिन्याला 700 कमी पडतात. उसाचं बिल आलं की भागेल असं धरू नका, ते उशिरा येऊ शकतं. बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजायला येशूनेच सांगितलं (लूक 14:28). तूट दिसत असताना "देव बघून घेईल" म्हणत सही करणं म्हणजे भरवसा नव्हे, देवाची परीक्षा पाहणं (मत्तय 4:7).

माणसांच्या भीतीला आकडे पुरत नाहीत. तिथे यहूदाचा राजा हिज्कीया याची रीत धरा. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आलं, त्याने ते वाचलं, मंदिरात नेलं आणि परमेश्वरापुढे पसरलं (2 राजे 19:14). तुम्हीही खरोखर तसंच करा. टेबल पुसा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, कागद उलगडा, चारही कोपऱ्यांवर काहीतरी ठेवा म्हणजे पंख्याने उडणार नाही. मोठ्याने वाचा. कागद कन्नडमध्ये असेल आणि तुमचं कन्नड बाजारापुरतंच असेल, तर आधी नीट वाचणाऱ्याकडून ओळ न ओळ समजून घ्या. न कळलेल्या कागदावर प्रार्थना करून सही करू नये. मग स्तोत्र 13 वाचा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत "किती वेळ" अशी तक्रार चारदा येते, मग मागणं, शेवटी भरवसा. त्याच क्रमाने आपल्या शब्दांत बोला. तक्रार गाळून थेट स्तुतीवर उडी मारली की भीती दबते, जात नाही, आणि रात्री दोनला उठवते.

त्यानंतर दोघांना विचारा. पाळकसाहेब किंवा फादर, आणि असा एक जण ज्याला या व्यवहारात कमिशन नाही की नातं नाही. प्रार्थना ग्रुपवर टाकू नका. मोशेने कनानात पाठवलेल्या 12 हेरांनी देश एकच पाहिला होता, तरी दहा जणांच्या भीतीने इस्राएलांची अख्खी छावणी रडत बसली (गणना 13-14).

थांबायची तारीख ठरवा, सात दिवस पुरे. शौल राजाही शमुवेल संदेष्ट्याची वाट पाहत सात दिवस थांबला होता, पण लोक पांगताना पाहून धीर सुटला, त्याने शमुवेलाला सोडून स्वतःच होम केला, आणि तो संपतो न संपतो तोच शमुवेल आला (1 शमुवेल 13). उलट, तारीख नसलेलं "देवाची वाट पाहतोय" हेही बहुतेकदा घाबरून टाळणंच असतं. बायबल कुठेही उघडून बोट ठेवायची पद्धतही सोडा. गिदोनाने लोकर ठेवून दवाची खूण मागितली होती, तो दाखला पुढे करू नका, त्याला देवाने आज्ञा लोकरीआधीच दिली होती.

भिडेने जामिनाची सही करून बसला असाल, तर नीतिसूत्रे 6:1-5 सांगतं तसं झोपायच्या आत त्या माणसाकडे जा आणि सोडवणूक मागा. मागा म्हणजे मागाच, फोन बंद करून गायब होऊ नका. गिबोनकरांनी आपण दूरदेशचे असल्याचं सांगून करार करून घेत फसवलं होतं, यहोशवाच्या इस्राएली लोकांनी परमेश्वराला विचारलंही नव्हतं, तरी दिलेला शब्द त्यांनी पाळला (यहोशवा 9).

सातव्या दिवशी उत्तर "नको" निघालं, तर कारणं रचू नका. लढाईआधी गिदोनाच्या छावणीतून घाबरलेले 22,000 घरी गेले, त्यांना कुणी दोष दिल्याचं शास्ते 7 मध्ये नाही. "भाऊ, हे मला झेपणार नाही," एवढं म्हणा, त्याच्यापुढे चहा ठेवा आणि कागद परत करा.