जंगलातल्या गरम झऱ्यात उतरताना

माझ्या पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात एक थर्मामीटर कायमचा असतो. धातूच्या सळईचा, शंभर अंशांच्या पुढे मोजणारा, आणि त्याला दोन मीटर नायलॉनची दोरी बांधलेली. ताप बघायचा काचेचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही. तो 42 अंशांवर संपतो, आणि वर्षावनातल्या झऱ्यांची खरी गोष्ट बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. कुठल्याही झऱ्यावर पोचले की बूट काढायच्या आधी मी ही दोरी पाण्यात सोडते. कालच त्या पाण्यात तासभर बसलेले असले, तरीही.

ही सवय मला एका भाजलेल्या तळव्याने लावली. माझी धाकटी बहीण आणि मी एका झऱ्याजवळ पाच दिवस मुक्कामाला होतो. ओढ्याच्या काठाला खडकातून कढत पाणी येत होतं, वरून थंड पाण्याचा ओहोळ येऊन त्यात मिसळत होता आणि दोन्हींचा मिळून कमरेइतका खोल डोह झाला होता. पहिल्या दिवशी ते पाणी इतकं छान सोसवेल असं होतं की बाहेर यावंसं वाटेना. पुढचे तीन दिवस आम्ही दुसरीकडे भटकलो, आणि त्या तीन दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. पाचव्या दिवशी मी आल्या आल्या ओळखीच्या दगडावरून सरळ पाय खाली सोडला आणि तळाच्या रेतीवर टेकला. "ताई, पाय काढ, पाय काढ!" बहीण ओरडली तोवर तळवा लालबुंद झाला होता.

आमच्या वाटाड्याने डोहाकडे पाहिलंच नाही. तो गेला थंड ओहोळाकडे आणि तिथल्या दगडांवर बोट ठेवून मला दाखवलं. पाण्याच्या वर वीतभर उंचीपर्यंत शेवाळ वाळून करडं पडलं होतं. म्हणजे ओहोळ वीतभर उतरला होता. कढत पाणी तेवढंच येत होतं, त्याला निववणारं थंड पाणी मात्र निम्म्यावर आलं होतं. जंगलातला झरा असा असतो. जमिनीतून येणारं पाणी फारसं बदलत नाही, त्यात मिसळणारं पाणी रोज बदलतं. म्हणून आता मी आधी थंड ओहोळ बघते, दगडांवरची ओली रेघ कुठे आहे ते बघते आणि मग थर्मामीटर सोडते.

मोजायचंही एका जागी नाही. काठाला, मधोमध, पृष्ठभागाजवळ आणि अगदी तळाशी, प्रत्येक ठिकाणी मिनिटभर. गरम पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, त्यामुळे वरचा थर खालच्यापेक्षा गरम असू शकतो. पण तळातूनच उमाळा येत असेल तर रेती वरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, आणि माझा पाय भाजला तो तिथेच. बुडबुडे येतात ती जागा, आजूबाजूची रेती हळूहळू नाचत असते ती जागा, या दोन्हींपासून लांब राहा.

आकडे लक्षात ठेवायचे तर एवढेच. 38 ते 40 अंश म्हणजे बसण्याजोगं पाणी. 40 च्या वर मी स्वतः उतरत नाही, फार तर पाय बुडवून बसते. 49 अंशांच्या पाण्यात सुमारे पाच मिनिटांत खोल भाजतं, 54 ला अर्ध्या मिनिटात, आणि 60 ला पाचेक सेकंदांत. या पाच सेकंदांचा विचार करा. निसरड्या दगडावरून घसरलेल्या माणसाला उठून काठावर यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

भाजलंच तर वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तेलही नको. ओढ्याचं पाणी वापरावं लागलं तर नंतर पिण्याच्या स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापड सैलसर गुंडाळायचं. फोड फोडायचे नाहीत, आणि मोठा फोड आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

जायचं कुठे हे ठरवतानाच निम्मं काम होतं. पहिल्यांदाच जाणार असाल तर जिथे पाणी टाक्यांत घेऊन थंड पाण्याशी मिसळायची सोय आहे अशी जागा निवडा. बोर्निओत, मलेशियाच्या किनाबालू उद्यानातलं पोरिंग हे त्याचं उत्तम उदाहरण. तिथे झऱ्याचं पाणी 50 ते 60 अंशांच्या घरात आहे, पण टाक्यांना गरम आणि थंड असे दोन नळ आहेत. डोक्यावर उंच झाडं, अंगाभोवती आपण स्वतः बेतलेलं पाणी. त्या सुखात काहीच कमी नाही. कोस्टा रिकात आरेनाल ज्वालामुखीच्या पायथ्याशी तबाकोनची अख्खी नदीच गरम वाहते. त्याच जागी 1968 च्या जुलैत ज्वालामुखी फुटून तबाकोन गाव उद्ध्वस्त झालं होतं आणि कित्येक माणसं गेली. तिथल्या पाण्यात बसताना हे माहीत असावं असं मला वाटतं.

काही जागा मात्र फक्त बघायच्या असतात. डॉमिनिका बेटावर दाट जंगलातून चढ-उतार करत एका तळ्याकाठी पोचता येतं. जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. त्या तळ्याचं नावच उकळतं तळं, आणि काठाजवळसुद्धा पाणी 80 ते 90 अंशांचं. पेरूच्या अॅमेझॉन जंगलात शानाय-तिम्पिश्का नावाची नदी आहे. तिच्या काही टप्प्यांत पाणी उकळत्या पाण्याच्या जवळ पोचतं आणि त्यात पडलेले छोटे प्राणी शिजून मरतात. भूशास्त्रज्ञ आंद्रेस रुसो यांनी 2011 पासून तिचा अभ्यास केला. सर्वांत जवळचं ज्वालामुखीचं क्षेत्र तिथून 700 किलोमीटरांपेक्षा लांब आहे. मुरलेलं पाणी भेगांतून खूप खोल जातं आणि तापून वर येतं. सर्वसाधारणपणे दर किलोमीटर खोलीला 25 ते 30 अंश वाढतात, त्यामुळे पुरेशी खोल भेग असली की ज्वालामुखी लागत नाही. तेव्हा जवळपास ज्वालामुखी नाही म्हणजे पाणी कोमटच असेल, असा हिशेब करू नका.

निघायचं पहाटे. वर्षावनात कोरडा मोसम म्हणजे कमी पावसाचा मोसम, बिनपावसाचा नव्हे, आणि बऱ्याच ठिकाणी जोराची सर दुपारनंतर येते. शिवाय विषुववृत्ताजवळ वर्षभर संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि झाडांखाली त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच पाऊलवाट दिसेनाशी होते. पहाटेचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. हवा गार असल्यामुळे वाफ स्पष्ट दिसते. दुपारी जिथे काहीच नाही असं वाटतं, तिथे सकाळी दगडाच्या फटीतून पांढरा धागा निघताना दिसतो. गरम पाणी कुठून येतंय याचा नकाशाच डोळ्यांसमोर मांडला जातो. पाच मिनिटं शांत उभं राहून तो वाचा.

वाटेत लांब मोजे, विजारीचे पाय त्यात खोचलेले. जळू चिकटली तर ओढू नका, मीठही टाकू नका. तिच्या बारीक टोकाखाली नख सरकवलं की ती सुटते. रक्त मात्र बराच वेळ वाहत राहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. जखम दाबून धरा आणि उघड्या जखमेने पाण्यात उतरू नका. तोल गेला की हात आपोआप झाडाकडे जातो, तोही आवरायला शिका. कितीतरी ताडांच्या बुंध्याला सुईसारखे काटे असतात, आणि खोडावर मुंग्यांची रांग असते ती वेगळीच. हातात काठी असली की हा प्रश्नच राहत नाही.

झऱ्यावर पोचलात की रंग बघा. खडकांवरचे हिरवे, पिवळे, नारिंगी थर सूक्ष्मजीवांचे असतात, आणि ते भयंकर बुळबुळीत असतात. त्यांतले सूर्यप्रकाशावर जगणारे जीव साधारण 73 अंशांपलीकडे तग धरत नाहीत. म्हणून रंगीत थरांच्या मधोमध एखादी स्वच्छ, नितळ, बिनरंगाची पट्टी असेल तर तिला हात लावू नका, कारण बहुधा तीच सगळ्यांत कढत असते. पाणी जितकं स्वच्छ तितकं चांगलं, ही आपली नेहमीची समजूत इथे घात करते. पांढरट, भुसभुशीत जमिनीवरही पाय देऊ नका. वरचा पापुद्रा पातळ आणि खाली कढत चिखल असू शकतो. फळ्यांची वाट घातलेली असेल तर तिच्यावरूनच चाला.

सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. उघड्यावर, वारा खेळता असेल तर हलक्या वासाला घाबरायचं कारण नाही. चांदीची अंगठी तेवढी काढून ठेवा, काळी पडते. पण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खळग्यांत, कपारींत साठतो. त्याचं प्रमाण फार वाढलं की नाकाला तो कळेनासाच होतो. म्हणून उग्र वास येत होता आणि अचानक थांबला, किंवा डोळे चुरचुरायला लागले, डोकं जड झालं, तर लगेच वरच्या मोकळ्या जागी या.

उतरण्याआधी अंगाला लावलेलं डास पळवायचं मलम आणि सनस्क्रीन झऱ्यापासून लांब, सोबतच्या पाण्याने धुऊन टाका. साबण तर अजिबात नको. त्या लहानशा डोहात जे जगतं त्याला दुसरीकडे जायला जागा नसते. मला हे मनापासून सांगायचं आहे, कारण मी तेलाचा तवंग आलेले डोह पाहिले आहेत, आणि ते बघून परत फिरावंसं वाटतं.

मग बसा. छातीच्या खालपर्यंत पाणी, दहा-पंधरा मिनिटं, पाठीला दगड. वर पानांवरून टपकणारे गार थेंब खांद्यावर पडतात आणि खाली पोटऱ्या सैल होत जातात. माझे गुडघे दुखरे आहेत, त्यामुळे ही दहा मिनिटं मला किती हवीशी वाटतात ते सांगून कळणार नाही. तरी घड्याळ बघते. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे पाण्याबाहेर आल्यावरही शरीर लवकर निवत नाही. उठताना आधी काठावर बसा, दोन मिनिटं थांबा, मग उभे राहा. एकदम उठलं की भोवळ येते, आणि खाली दगड असतात. आधी आणि नंतर पाणी प्या, दारू नको. गरोदर बाईने या पाण्यात बसू नये, आणि हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. लहान मुलं आपल्यापेक्षा फार लवकर तापतात.

डोकं मात्र पाण्याबाहेरच ठेवा. डुबकी नाही, उडी नाही, नाकात पाणी जाईल असं काहीच नाही. कोमट आणि गरम गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा राहू शकतो. तो नाकातून मेंदूपर्यंत पोचला तर माणूस वाचणं फार अवघड. हा आजार अतिशय दुर्मीळ आहे, पण ग्वादलूप बेटावर 2008 साली जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्यात पोहलेला नऊ वर्षांचा मुलगा त्याने गेला. नाक कोरडं ठेवणं इतकं सोपं आहे की त्यात हयगय करायला काही कारणच नाही. ते पाणी पिऊही नका.

आणि सगळा वेळ एक कान ओढ्याकडे ठेवा. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात ढग फुटलेला असतो. पाण्याचा आवाज जाडसर झाला, पाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, नितळ पाणी गढूळ झालं, किंवा गरम डोह अचानक गार वाटायला लागला, तर बाहेर या आणि सरळ चढाच्या दिशेने वर जा. ओढ्याच्या काठाने खाली पळू नका, लोंढा तुमच्यापेक्षा वेगाने येतो. म्हणूनच बूट आणि पिशवी पाण्याजवळच्या सपाट दगडावर कधी ठेवायची नाही. आम्ही ती पुराची खूण जिथवर दिसते, म्हणजे झाडांच्या मुळांत अडकलेला जुना पालापाचोळा जिथवर दिसतो, त्याच्याही वर टांगतो. बूट घालताना उपडे करून झटकायचे.

बाहेर आलं की लगेच अंग पुसून लांब बाह्यांचे कपडे घाला आणि डासांचं मलम पुन्हा लावा. मुक्कामी पोचल्यावर साध्या पाण्याने अंघोळ करा. बोटांच्या बेचक्या, गुडघ्यामागची जागा, कंबरेची घडी नीट बघा, जळू तिथेच सापडते. ओले मोजे तसेच पिशवीत कोंबून ठेवू नका.

पुढचा महिनाभर अंगाकडे लक्ष असू द्या. ताप, जोराची डोकेदुखी, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं, मान ताठ होणं, यांतलं काही झालं तर थांबू नका. जंगलातल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसही होतो, आणि त्याची लक्षणं दिसायला बहुतेकदा एक-दोन आठवडे, कधी महिनाही लागतो. तोवर आपण सहल विसरून कामाला लागलेलो असतो, आणि डॉक्टर तर आपल्याला विचारणार नाहीत. आपणच पहिल्या वाक्यात सांगायचं: अमुक तारखेला मी जंगलातल्या गरम झऱ्यात उतरले होते, आणि पायाला जखम होती की नव्हती.