मुनवर बेस बांधताय? मग या चुका टाळा

कर्बल स्पेस प्रोग्रॅम (केएसपी) या रॉकेट बांधून उडवायच्या गेममध्ये मुनवर, म्हणजे तिथल्या चंद्रावर, एकदाचा झेंडा रोवला की पुढचा किडा डोक्यात शिरतो तो बेसचा, आणि तिथंच घोडं पेंड खातं. कारण एकदा कुठंतरी उतरणं वेगळं आणि त्याच जागी पाच वेळा उतरून ते पाच डबे एकमेकांना जोडणं वेगळं. माझे तीन बेस वाया गेल्यावर लक्षात आलं की बेस मुनवर बिघडत नाही, तो हँगरमध्येच बिघडलेला असतो, फक्त आपल्याला ते मुनवर पोचल्यावर कळतं. (मी पहिल्या केएसपीबद्दल बोलतोय, १.१२ व्हर्जन. दुसऱ्या भागात कॉलनी येणार म्हणून वाट बघत बसलेल्यांनी आता उठायला हरकत नाही.)

डॉकिंग पोर्टची उंची

डॉकिंग पोर्ट म्हणजे दोन डबे जोडायचं तोंड, आणि सगळ्यात जास्त डोक्याला शॉट देणारी चूक त्याचीच. माझं पहिलं मॉड्यूल (बेसचा एक डबा) लँडिंग लेग्जवर होतं, दुसरं चाकांवर. हँगरमध्ये दोघांचे पोर्ट एका रेषेत दिसत होते म्हणून खूश होऊन पाठवलं, कसंबसं चाळीस मीटरवर उतरवलं, चाकं चालवत शेजारी नेलं आणि बघतो तर काय, एक पोर्ट दुसऱ्याच्या वीतभर वर. झालं असं की हँगरमध्ये वजन पायांवर येतच नाही, त्यामुळे सस्पेन्शन दबलेलं दिसत नाही. इंधनाने भरलेला डबा खाली बसतो, रिकामा वर राहतो. बरं, कर्बिनच्या, म्हणजे गेममधल्या पृथ्वीच्या, रनवेवर ठेवून मोजावं तर तिथं गुरुत्वाकर्षण ९.८१ आणि मुनवर १.६३, म्हणजे तिथं जेवढं दबतं तेवढं इथं दबतच नाही.

यावर उपाय एकच नाही. मी आता सगळ्या मॉड्यूल्सना एकच चौकट वापरतो, तेच पाय, तेवढेच पाय, पोर्ट त्याच उंचीवर, आणि ती चौकट सबअसेंब्ली (पुन्हा वापरता येणारा तयार तुकडा) म्हणून सेव्ह करून ठेवलीय. चाकं असतील तर स्प्रिंगची सेटिंग हाताने बदलून थोडं वरखाली करता येतं. अगदीच अडलं तर क्लॉ म्हणजे पकडणारा पंजा लावा, तो कुठंही चिकटतो, दिसायला गबाळा दिसतो पण काम होतं. आणि १.११ पासून इंजिनिअर स्पेससूट घालून बाहेर येऊन छोटे पार्ट हाताने लावू शकतो, हे कित्येक जुन्या प्लेअरना माहीतच नसतं.

उंच, सडपातळ लँडर

रॉकेटमध्ये नीट बसतो म्हणून आपण लँडर उभाच्या उभा बांधतो, टाकीवर टाकी, त्यावर लॅब, त्यावर कॅप्सूल, आणि मग तो मुनच्या उतारावर टेकतो आणि सावकाश, अगदी आरामात आडवा होतो. यात लाज वाटून घेऊ नका, फेब्रुवारी २०२४ मध्ये खऱ्या चंद्रावर ओडिसियस लँडर असाच कलंडला. साधारण चार मीटर उंच होता, आणि उतरताना आडवा वेग थोडा शिल्लक राहिला होता. त्याचे उंची मोजणारे लेझर चाललेच नाहीत, कारण उड्डाणाआधी काढायचा सेफ्टी स्विच तसाच राहिला होता. म्हणजे बघा, तिथंही चूक हँगरमधलीच!

टाक्या मध्यभागी एकावर एक रचण्यापेक्षा चारी बाजूंना लावा, पाय जितके बाहेर नेता येतील तितके न्या. चंद्रयान-२ चा विक्रम २०१९ मध्ये आदळल्यावर इस्रोनं पुढच्या विक्रमचे पाय जास्त दणका सोसतील असे केले, इंधन वाढवलं आणि उतरायची जागा ५०० बाय ५०० मीटरवरून ४ बाय २.४ किलोमीटर केली. आपणही आपल्या डेल्टा-व्हीत (यान इंधनावर एकूण किती वेग बदलू शकतं तो आकडा) तसाच हात सैल सोडावा. कर्बिनच्या खालच्या ऑर्बिटपासून मुनच्या जमिनीपर्यंत अंदाजे १७५० मीटर प्रति सेकंद लागतात, पण ते नीट उडवणाऱ्याला. तुम्ही २००० च्या वर ठेवा, कारण बेसजवळ उतरायचं म्हणजे शेवटी इकडेतिकडे सरकावं लागतंच.

उतरतानाचे घोळ

नेव्हबॉलवर, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या गोळ्यावर, वेग सर्फेस मोडमध्ये (जमिनीच्या मानाने) आहे का ते बघा. ऑर्बिट मोडमध्ये राहिला तर तुम्ही भलत्याच दिशेचा वेग मारत बसता. दुसरं, वरची उंची ही मुनच्या शून्य पातळीपासूनची असते, जमिनीपासूनची नाही, आणि मुनवर बऱ्याच ठिकाणी जमीनच तीन-चार किलोमीटर उंचावर आहे. मीटरवर ४००० दिसतंय म्हणून निवांत बसलेला माणूस त्याच सेकंदाला खड्डा पाडतो. नंतरच्या व्हर्जन्समध्ये उंचीच्या बाजूचं बटण दाबून जमिनीपासूनची उंची दिसते, ते दाबायचं.

तिसरा घोळ जरा गमतीचा. एसएएस (यानाचं तोंड आपोआप धरून ठेवणारी यंत्रणा) रेट्रोग्रेडवर, म्हणजे वेगाच्या उलट दिशेला, लावून उतरत असता, सगळं छान चाललंय, शेवटच्या दहा मीटरवर थ्रॉटल थोडा जास्त होतो, यान एक क्षण वर जायला लागतं, मग रेट्रोग्रेड म्हणजे खालची दिशा होते आणि एसएएस इमानदारीत यानाला उलटं करतो. म्हणून वेग पाच-सहावर आला की साध्या स्टॅबिलिटीवर टाका.

रात्र

मुनला स्वतःभोवती फिरायला सुमारे ३८.६ तास लागतात, म्हणजे रात्र १९ तासांहून थोडी मोठी. आता हिशोब करा. लॅब चालू ठेवली तर सेकंदाला ५ युनिट वीज खाते, रात्रभराची होते साधारण ३ लाख ४७ हजार युनिट. सगळ्यात मोठी बॅटरी ४००० ची. म्हणजे ८७ बॅटऱ्या, एका लॅबसाठी! आणि लोक दोन बॅटऱ्या लावून विचारतात की लाईट का गेली.

रात्री लॅब आणि ड्रिल बंद ठेवा, नाहीतर फ्युएल सेल लावा, बारीकसारीक गोष्टींसाठी आरटीजी (उन्हाशिवाय चालणारी अणुबॅटरी). साध्या गेममध्ये तुम्ही दुसऱ्या यानावर गेलात की बेसची वीज मागे मोजली जात नाही, त्यामुळे ही चूक झाकली जाते, पण कर्बलिझम हा मॉड (गेमला वरून जोडायची भर) टाकलात की तो मागे सगळा हिशोब ठेवतो आणि आठवड्याने परत येता तेव्हा आत जिवंत कुणी नसतं. खऱ्या चंद्रावर रात्र १४ दिवसांची असते. २०२३ मध्ये विक्रम आणि प्रज्ञान रात्रीआधी झोपवले ते पुन्हा उठले नाहीत, ते बनवलेच होते एका चांद्रदिवसासाठी.

मग ध्रुवावरच बेस करू ना, तिथं ऊन कायम, असं वाटणं साहजिक आहे. खरे लोक बर्फासाठी आणि उन्हासाठी दक्षिण ध्रुवाकडे बघतातही. पण गेममध्ये पहिला बेस विषुववृत्तावरच करा. तिथं प्रत्येक मॉड्यूल सरळ त्याच ऑर्बिटमधून येतं, ध्रुवाजवळ प्रत्येक वेळी ऑर्बिटचा कल जुळवत बसावं लागतं आणि त्यात इंधन जातं. मोठ्या क्रेटरचा सपाट तळ बघा.

ओर (इंधन बनवायचं खनिज) काढायचा बेस असेल तर

ड्रिल लावला, खाली सोडला, आणि तो जमिनीपर्यंत पोचतच नाही. का, तर इंजिन लांब होतं म्हणून पाय उंच लावले होते. हँगरमध्ये ड्रिल उघडून बघा, पायांच्या पातळीच्या खाली जातोय ना. बरोबर बिल किंवा दुसरा कुणी इंजिनिअर न्या, नाहीतर ड्रिल नावालाच चालतो. मी एकदा जेब आणि बॉबला पाठवलं, एक पायलट, एक सायंटिस्ट, दोघं टाकी भरायची वाट बघत बसले, मीपण बसलो. ओरचं इंधन करणाऱ्या कन्व्हर्टरला थंड ठेवायला रेडिएटर हवेतच. आणि मुळात जिथं ओर आहे तिथंच उतरा हो, आधी स्कॅनर ध्रुवीय ऑर्बिटमध्ये पाठवा, मग जागा ठरवा.

मुनच्या मागच्या बाजूला बेस असेल तर रिले (सिग्नल पुढे पोचवणारा) सॅटेलाइट आधी, बेस नंतर. चीननं चांगअ-४ पलीकडच्या बाजूला उतरवायच्या आधी कित्येक महिने छुएछियाओ रिले पाठवून ठेवला होता. आणि रिले म्हणजे रिले लिहिलेलाच अँटेना, साधा अँटेना दुसऱ्याचा सिग्नल पुढे पाठवत नाही, मी साध्या अँटेनाचे चार सॅटेलाइट सोडून बसलो होतो.

शेवटचं म्हणजे क्रॅकन, गेमच्या भौतिकशास्त्रातल्या गोंधळाला प्लेअरनी दिलेलं नाव. पार्ट वाढले की बेसजवळ जाताच गेम रांगायला लागतो आणि कधीकधी लोड होताना बेस टुणकन उडी मारतो. शिड्या, दिवे, शोभेचे पार्ट कमी करा, आणि बेसच्या दोन किलोमीटर आत शिरायच्या आधी एफ५ दाबून सेव्ह करा, तोसुद्धा ऑल्ट धरून, नाव देऊन, म्हणजे उडालेल्या बेसवरच चुकून सेव्ह झालं तरी मागचं शाबूत राहतं.